दुसरं पिल्लू आणण्याआधी



गेल्या महिन्यात जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर मातीचे नमुने कसे घ्यावेत हे दाखवायला गेलो होतो. खड्डा घेतला, माती घमेल्यात कालवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून दिले. मंडळी लक्ष देऊन पाहत होती. एवढ्यात पाचवीतली एक मुलगी गोणपाटात काहीतरी गुंडाळून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. गोणपाटात अडीच महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते. मान टाकलेली, डोळे खोल गेलेले, अंगाला एक विशिष्ट घाण वास.

मागून तिची आजी आली. म्हणाली, "साहेब, काल रातच्यापासून ओकतंय. दहीभात घातला, तोबी टिकला नाही. सकाळपास्नं रगात पडतंय." मुलीचे वडील माझ्याशी माती परीक्षणाचेच बोलत होते. त्यांनी मुलीला जवळ ओढले आणि म्हणाले, "राहू दे बाळा, आपण दुसरं आणू."

बोलणे प्रेमाचेच होते. पण हेच शब्द एकदा मीही माझ्या मुलांना बोललो होतो, आणि त्या शब्दांची किंमत मला ठाऊक होती. म्हणून आज पिकाची गोष्ट बाजूला ठेवून या रोगाविषयी लिहीत आहे. मी पशुवैद्य नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतः ठेच खाऊन शिकलेले आहे.

माझी चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या मळ्यातल्या घरी मुलांनी एक पिल्लू आणले. दोन महिन्यांचे झाल्यावर ते एकाएकी खाईना, ओकू लागले, मग पातळ रक्ताची हगवण. "काहीबाही खाल्ले असेल" असे म्हणून मी त्याला दूध पाजले. दवाखाना सात किलोमीटरवर होता, पण आठवडी बैठकीच्या गडबडीत मी गेलो नाही. दुसऱ्या रात्री पिल्लू गेले. मुले जेवली नाहीत. मी म्हणालो, "रडू नका, दुसरं आणू."

तीन आठवड्यांनी दुसरे आणले. तीच जागा, तेच गोणपाट, तेच जर्मनचे भांडे. सहाव्या दिवशी ते ओकू लागले आणि आठव्या दिवशी गेले. तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी मला विचारले, "साहेब, हरभऱ्याला मर लागलेल्या वावरात तुम्ही पुढच्या साली पुन्हा हरभरा पेरायला सांगता का?" मला उत्तर देता आले नाही. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, फेरपालट करा, बियाण्याला प्रक्रिया करा, हे मी गावोगाव सांगत होतो. आणि घरच्या अंगणात मात्र रोगट जागेवर नवे रोप लावून मोकळा झालो होतो.

हा रोग कोणता?

या रोगाचे नाव पार्व्हो. हा विषाणूंपासून होणारा रोग आहे. १९७८ साली तो जगात नवा रोग म्हणून ओळखला गेला आणि दोन वर्षांच्या आत देशोदेशी पसरला. त्याचा विषाणू मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. त्या वेळी कोणत्याच कुत्र्याच्या अंगात प्रतिकारशक्ती नसल्याने मोठी कुत्रीही मेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस आपल्या देशातही त्याची नोंद झाली. आता बहुतेक करून दीड ते सहा महिन्यांची पिल्ले त्याला बळी पडतात.

शरीरात जिथे पेशी भराभर वाढतात तिथे हा विषाणू घाव घालतो. म्हणजे आतड्याचे अस्तर आणि हाडातला मगज. अस्तर गळून पडले की खाल्लेले पचत नाही, प्यालेले पाणी टिकत नाही, रक्त जाते. मगजावर घाव बसला की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. मग आतड्यातले एरवी गप्प असणारे जंतू रक्तात शिरतात. पिल्लू मरते ते बहुधा अंगातले पाणी आटल्याने, साखर उतरल्याने आणि या जंतूंमुळे.

विषाणू मारणारे हमखास औषध दवाखान्यात मिळत नाही, हे खरे. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही, असे समजू नये. पाणी भरून काढले, ओकारी थांबवली, जंतूंना अटकाव केला, ऊब दिली, तर पिल्लाचे शरीर स्वतःच विषाणूवर मात करते. आपल्याला त्याला ते तीन-चार दिवस पार करून द्यायचे असतात. तेवढे दिवस निभावलेली पिल्ले बहुधा वाचतात.

ओळखावे कसे?

पहिल्या दिवशी पिल्लू नुसते मलूल दिसते. खेळत नाही, खात नाही. मग ओकारी सुरू होते, आधी अन्नाची, नंतर पिवळ्या फेसाची. त्यापाठोपाठ पातळ, अतिशय घाण वासाचे जुलाब, पुष्कळदा रक्ताचे. रोगाची लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही.

मात्र प्रत्येक रक्ताची हगवण पार्व्हो नसते. पोटातल्या जंतांनीही रक्त पडते. आणि आपल्या शेतकऱ्यांच्या घरी आणखी एक शंका घ्यावीच लागते. पिल्लाने उंदराचे औषध किंवा कीटकनाशकाची रिकामी पिशवी तर चघळली नाही ना? तशी शंका असेल तर ती पिशवी सोबत घेऊन दवाखान्यात जावे. पार्व्होची तपासणी विष्ठेच्या नमुन्यावर पट्टीने काही मिनिटांत होऊ शकते.

एक गोष्ट विसरू नये. पिल्लाला अलीकडे अनोळखी कुत्रे चावले असेल, त्याची लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, ते विचित्र वागत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. तो पिसाळण्याचा रोग असू शकतो. अशा वेळी घरगुती उपचार मुळीच करू नयेत, डॉक्टरांना कळवावे. लाळ जखमेला लागली असेल किंवा पिल्लू कोणाला चावले, ओरखडले असेल, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पार्व्हो मात्र माणसाला होत नाही. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांनाही होत नाही. ही भीती मनातून काढावी.

पहिला दिवस दवाखान्याचा

"आज पाहू, उद्या नेऊ" हे या रोगात चालत नाही. अडीच-तीन किलोचे पिल्लू ओकून आणि हगून एका रात्रीत सुकते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ते सलाईन देतात, ओकारी थांबवण्याचे इंजेक्शन देतात, जंतूंसाठी प्रतिजैविक देतात.

रोज तालुक्याला नेणे जमत नाही, पिल्लू दवाखान्यात ठेवण्याची सोय नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. त्यासाठी एक माहिती देतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी पार्व्हो झालेल्या ४० कुत्र्यांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना आधी शिरेतून सलाईन देऊन सावरले. मग २० जणांना दवाखान्यातले पूर्ण उपचार दिले आणि २० जणांना घरी देता येतील असे साधे उपचार, म्हणजे कातडीखालून सलाईन, ओकारीचे इंजेक्शन, प्रतिजैविक आणि देखरेख. पहिल्या गटातली १८ वाचली, दुसऱ्या गटातली १६. यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. घरची शुश्रूषा मनापासून केली तर फळ देते. पण सुरुवातीचे सलाईन आणि डॉक्टरांची औषधे त्यातून वगळता येत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, "मला रोज येणे जमणार नाही, घरी काय करू ते शिकवा." कातडीखालून सलाईन कसे द्यायचे हे ते दाखवतील. शिकवल्यावाचून स्वतः सुई टोचू नये.

घरची शुश्रूषा

जागा : पिल्लू गोठ्यात किंवा अंगणात न ठेवता फरशीच्या कोपऱ्यात, कोरड्या जागी, एकटे ठेवावे. खाली जुनी वर्तमानपत्रे आणि जुने कापड घालावे, घाण होताच बदलावे आणि जाळून टाकावे. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून कुशीशी ठेवावी. उघडी बाटली अंगाला लावू नये, चटका बसतो.

पाणी : ओकारी चालू असताना वाटीभर पाणी पुढे ठेवले तर पिल्लू सगळे पिते आणि सगळे ओकते. ओकारी थांबली की डॉक्टरांना विचारून जलसंजीवनीचे पाणी चहाच्या चमच्याने एक-एक चमचा, दर पंधरा-वीस मिनिटांनी द्यावे. पुडी एक लिटरची असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळावी, अंदाजाने नव्हे. चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकून द्यावे. पुन्हा ओकले तर तासभर थांबून मग अर्ध्या चमच्याने सुरुवात करावी. जे पिल्लू मान धरत नाही त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. असे पिल्लू थंडगार पडले तर हिरड्यांना बोटाने थोडे साखरेचे पाणी चोळावे आणि तडक दवाखाना गाठावा.

अन्न : पूर्वी ओकारी पूर्ण थांबेपर्यंत एक-दोन दिवस उपाशी ठेवावे असे सांगत. आता डॉक्टर म्हणतात, औषधाने ओकारी आटोक्यात आली की लवकर थोडेथोडे अन्न द्यावे, म्हणजे आतड्याचे अस्तर लवकर भरते. मऊ भाताची पेज, किंवा उकडलेल्या कोंबडीचे हाडाविना मांस कुस्करून, मीठ-मसाला न घालता, चमचा-दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, म्हणून घरच्या रश्श्याचे पाणी देऊ नये. दूध देऊ नये. मी तीच चूक केली होती.

स्वच्छता : मागची बाजू कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी. माश्या बसू देऊ नयेत, नाहीतर किडे पडतात.

वही : मुलांच्या शाळेची जुनी वही घ्यावी. किती वाजता ओकले, किती वेळा जुलाब झाले, लघवी केली का, किती चमचे पाणी टिकले, हे लिहावे. डॉक्टरांना फोनवर विचारताना या वहीचा फार उपयोग होतो.

हिरड्या रोज पाहाव्यात. गुलाबी आणि ओलसर असाव्यात. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच खाली बसावी. सावकाश बसली तर पाणी कमी पडते आहे. ताप मापता येत असेल तर १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे ठीक. ९९ च्या खाली उतरला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, पिल्लू हाकेला कान हलवेना, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करावा.

माणसांची तापाची, दुखण्याची, जुलाब बंद करण्याची गोळी देऊ नये. त्यातल्या कित्येक कुत्र्याला विषारी ठरतात. आणि जुलाब नुसते कोंडल्याने आतली घाण आतच राहते.

जागा रोगमुक्त करणे

हा विषाणू फार चिवट आहे. सावलीच्या, ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने, वर्षभरसुद्धा टिकू शकतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो ढिगाने पडतो, लक्षणे दिसण्याआधीपासून आणि बरे झाल्यावरही दोन-तीन आठवडे. चपलेला, भांड्याला, साखळीला चिकटून तो शेजारच्या वस्तीवर जातो. साध्या साबणाने तो मरत नाही, फिनाईलवर विसंबू नये. शेणाने सारवल्याने जमीन चांगली दिसते, विषाणू मात्र तिथेच राहतो. हात साबणाने चोळून धुवावेतच, कारण मेला नाही तरी तो पाण्याबरोबर वाहून जातो.

त्याला मारणारी स्वस्त वस्तू म्हणजे कपडे पांढरे करण्याचे द्रवरूप ब्लीच. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण त्या वेळेपुरतेच करावे. आधी विष्ठा आणि माती खरवडून, जागा धुऊन घ्यावी, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग फरशी, साखळी, भांडे दहा मिनिटे त्या मिश्रणाने ओले राहू द्यावे आणि नंतर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. ब्लीचमध्ये फिनाईल, आम्ल किंवा दुसरे काही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. दारे-खिडक्या उघडी ठेवावीत.

मातीच्या अंगणाला हा उपाय पुरा पडत नाही. तिथे ऊन खेळू द्यावे आणि लस पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर त्या जागी आणू नये. पिल्लू दगावले तर विहिरीपासून, ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. उकिरड्यावर टाकू नये.

लस म्हणजे बीजप्रक्रिया

पार्व्होची लस आहे आणि ती चांगली आहे. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढच्या मात्रा दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पुरे झाल्यावर. मग वर्षाचे झाल्यावर पुन्हा एक.

पुष्कळ जण एक टोचून घेतात आणि थांबतात. मग पिल्लू मेले की लसीला दोष देतात. कारण असे आहे की पिल्लाला आईच्या चिकातून काही संरक्षण मिळालेले असते, आणि ते संरक्षणच लसीलाही शत्रू समजून निकामी करते. ते कोणत्या पिल्लात कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्यायच्या. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. तालुक्याहून आणायची तर बर्फ घातलेल्या थर्मासातून आणावी, खिशातून नव्हे. लस टोचण्याआधी जंताचे औषध झालेले असावे. आणि पिसाळण्याच्या रोगाची लस निराळी, तीही तीन महिन्यांच्या सुमारास न चुकता द्यावी.

काही जण म्हणतील, कुत्र्यापायी एवढा खर्च कशाला? आमच्या भागात रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला माणूस निघतो, तेव्हा कुत्रे पुढे चालते. उसात बिबट्या असला तर आधी ते थबकते, भुंकते, आणि माणूस बांधावरच थांबतो. ज्याने ती रात्र पाहिली आहे त्याला खर्चाचा हिशेब सांगावा लागत नाही.

त्या मुलीचे पिल्लू

त्या दिवशी मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या गाडीत मागे टाकल्या आणि मुलगी, तिचे वडील आणि पिल्लू यांना घेऊन मी दवाखान्यात गेलो. तपासणीत पार्व्होच निघाला. सलाईन लागले, इंजेक्शने झाली, घरी काय करायचे ते डॉक्टरांनी दोनदा सांगितले. तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला, "साहेब, काही खरं नाही, डोळे उघडत नाही." मी म्हणालो, डॉक्टरांना लगेच कळवा आणि वही वाचून दाखवा. डॉक्टरांनी पुन्हा सलाईन दिले. पाचव्या दिवशी सकाळी पिल्लाने चमचाभर पेज चाटली आणि ती टिकली.

सगळीच वाचतात असे मी म्हणणार नाही. त्याच विताचे एक भावंड शेजारच्या वस्तीवर होते, ते दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेले. त्या घरी मी मुद्दाम गेलो. तिथला मुलगा आठ-नऊ वर्षांचा. वडील त्याला म्हणत होते, "पुढच्या बाजारी दुसरं आणू." मी त्यांना ब्लीच किती, पाणी किती ते कागदावर लिहून दिले, आणि दुसरे पिल्लू लसी पूर्ण झालेलेच आणा म्हणून सांगितले. पोराने तो कागद घडी घालून दप्तरात ठेवला.

आपल्या वस्तीवर पिल्लू असेल तर आजच त्याचे वय मोजा आणि लसीच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा, ते पाहू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी